कोतवाल बुकातली ओळ

माझा जन्म कापूस वेचणीच्या दिवसांत, दारव्हा तालुक्यातल्या एका शेताच्या धुऱ्यावर झाला. दाई म्हणजे माझी आजीच. ग्रामपंचायतीत कोणी नोंद केली नाही. आठवडाभरात आमचं पाल पुढच्या शिवारात गेलं होतं.

आम्हा फासेपारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, अशी माणसं आजही आहेत. जन्माची नोंद नाही म्हणून शाळेत अडवणूक, शाळेचा दाखला नाही म्हणून जातीचं प्रमाणपत्र नाही, आणि ते नाही म्हणून वसतिगृह नाही, घरकुल नाही. परमुलखातून आलेल्या माणसाजवळ कागद नसले तर ते समजण्यासारखं आहे. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या याच शिवारांत तितर-बटेर धरत फिरलो, तरी "कुठून आलात?" हा प्रश्न पहिला आम्हालाच. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कैक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, संशय गेला नाही. गावात चोरी झाली की रात्री बेड्यावर पोलिसांची गाडी येते. ओळखीचा कागद नसला की तेवढ्यावरून माणूस गाडीत. माझ्या बाबांना असं नेताना मी पाहिलंय. सवलतीचं नंतर बघू, आमच्यासाठी कागद हा आधी जिवाचा प्रश्न आहे. म्हणून मी असे कागद काढून देण्याच्या कामाला लागले, आणि आता बेड्याबेड्यावर जे सांगते तेच इथे लिहिते.

मूल शाळेच्या वयाचं झालं की सरळ शाळेत घेऊन जा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे; त्याच्या चौदाव्या कलमानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. पण त्या दिवशी दाखल-खारीज रजिस्टरात काय लिहिलं जातंय ते डोळ्यांनी बघा. माझ्या वेळी गुरुजींनी दात बघून वय ठरवलं, १ जुलै तारीख टाकली आणि जातीच्या रकान्यात "भटके" एवढंच लिहिलं. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. "भटके" हा वेगळा प्रवर्ग. तो एक शब्द दुरुस्त करून घ्यायला माझी उमेदीची वर्षं गेली. त्यात आमची आडनावं पवार, भोसले, चव्हाण, काळे. लिहिणारा त्यावरून स्वतःच जात ठरवून मोकळा होतो. तुम्हाला वाचता येत नसेल तर बेड्यावरच्या शिकलेल्या पोराला सोबत न्या आणि "फासेपारधी" असं पूर्ण लिहून घ्या.

नव्या बाळांच्या बाबतीत तर जराही ढिलाई नको. कायदा बदललाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, सरकारी नोकरी, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार. एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली तर खर्च नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. बाळंतपण पालात झालं तरी आशाताईला त्याच दिवशी कळवा. आणि आधार निघालं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय.

सगळ्यात अवघड काम जातीच्या प्रमाणपत्राचं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. पालात राहणारा माणूस पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणणार? पण तो कधीकधी सरकारकडेच पडलेला असतो. आपला जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता. तिथे गावचा कोतवाल जन्ममृत्यू सांगायचा आणि त्याची वही व्हायची, तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेली असते. आजोबांचा जन्म कोणत्या गावाजवळ झाला, एवढं मायकडून काढून मी अर्ज केला. पानांच्या कडांना बोट लावलं की भुगा पडायचा. अक्षर मोडी, वाचायला जाणकार म्हातारे गुरुजी सोबत घेतले होते. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं: पणजोबाचं नाव, मुलगा झाला, जात पारधी. माझ्या कुळातल्या माणसाची चोरी-संशयाखेरीज कुठे नोंद असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या ओळीची प्रमाणित नक्कल घेतली आणि वंशावळीचं शपथपत्र जोडलं. तेवढ्यावर आमच्या घरातल्या सगळ्या पोरांची प्रमाणपत्रं झाली. लग्न होऊन आलेल्या बाईची जात मात्र माहेरच्या कागदांवर ठरते, हे सासरच्यांनी ध्यानात ठेवावं.

आता दलालांचं. सेतू केंद्राच्या बाहेर उभा असलेला माणूस "दोन दिवसांत काढून देतो" म्हणतो, आणि दिवसाची मजुरी बुडवून हेलपाटे घालणाऱ्याला ते खरं वाटतं. माझ्या चुलतभावाने तसंच प्रमाणपत्र घेतलं. पडताळणीत ते खोटं निघालं; नोकरी गेली आणि त्याच्या लेकरांच्या खऱ्या दाव्यावरही शंका बसली. खोट्या प्रमाणपत्राला सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. २०२५ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात, जेमतेम दीड हजार वस्तीच्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी चढल्याचं उघड झालं. असं काही झालं की नियम आवळले जातात आणि त्याचा फास बसतो तो पालात जन्मलेल्या खऱ्या लेकराला. याचा मला फार राग येतो. म्हणून म्हणते, उशीर झाला तरी चालेल, पण दलालाच्या हातात एक रुपयाही देऊ नका.

अर्ज नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका. कारण लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. जुना कागद कमी पडला तर पडताळणी समितीचं दक्षता पथक चौकशीला घरी येतं आणि रीतिरिवाज विचारतं. रीतिरिवाजांची ही परीक्षाच शेवटचा निकाल नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. तरी तयारी ठेवा. पथक येईल त्या दिवशी बेड्यावरची सगळ्यात जाणत्या म्हातारीला कामाला जाऊ देऊ नका. कुळ, देव, लग्नाच्या रीती, आपली बोली हे सगळं तिला पाठ आहे, आणि शाळेत गेलेल्या आमच्यासारख्यांना त्यातलं अर्धंही सांगता येत नाही.