दहा मिनिटांत निदान होत नसतं

"दहावीचं टेन्शन आहे. मोबाइल काढून घ्या." पहिले मानसोपचारतज्ज्ञ एवढं बोलून मोकळे झाले. मुलाला विचारलं तेही माझ्या आणि त्याच्या काकांच्या देखत: "आवाज-बिवाज ऐकू येतात का रे?" पंधरा वर्षांचा पोरगा चारचौघांत काय सांगणार? नाही म्हणाला. मी नेलेली वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. वर, "हल्ली आया गूगल वाचून येतात." फी मात्र पूर्ण घेतली.

त्या वहीत सगळं होतं. मित्र सुटले, आंघोळ सुटली, गणितात हुशार मुलगा कोरा पेपर ठेवून आला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यानं स्वतःच चिकटपट्टी लावली होती आणि म्हणे मोबाइलचं व्यसन! ताटातलं काही खायचा नाही. फक्त केळी, तीही स्वतः सोललेली. एकदा मी पोळ्या लाटत असताना मागे येऊन हळूच म्हणाला, "आई, शेजारचे काका माझ्या मनातलं मोठ्यानं वाचतात. तुला खरंच ऐकू येत नाही?" तो खोटं बोलत नव्हता. उलट मी खोटं बोलतेय का, हे माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. हा अभ्यासाचा ताण नाही, हे मला तेव्हाच कळलं. वर्गशिक्षिकेला नाटकं वाटत होती, दिरांना बाहेरचं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. मुलाशी एकट्यानं बोलल्या. बोलायला कधी लागला, फिट आली होती का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, गांजा ओढतो का, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर दीर भडकले, भडकू देत. रक्त-लघवी, मेंदूचा आलेख, एमआरआय झालं. बाईंना शंका होती स्किझोफ्रेनियाची, पण तो या तपासण्यांत दिसत नाही. अपस्मार, मेंदूची सूज, विल्सनचा आजार यांतूनही असंच वागणं होऊ शकतं, ते वगळायला या तपासण्या करतात. बाईंनी आजाराचं नाव लगेच लिहिलं नाही. त्या नावासाठी त्रासाच्या खुणा एकूण किमान सहा महिने दिसाव्या लागतात, आणि या वयात उन्माद-नैराश्याचा आजारही सुरुवातीला असाच दिसतो. गोळ्या मात्र त्याच आठवड्यात सुरू केल्या. नावासाठी उपचार थांबत नाहीत, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

तेव्हा वही ठेवाच. तारीख, काय बोलला, किती झोपला. "विचित्र वागतो" असं मोघम नको. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या, घसरण त्यांत दिसते. डॉक्टर मुलाशी एकट्यानं बोलत नसतील तर दुसरे गाठा. लहान मूल अदृश्य मित्राशी गप्पा मारत असेल आणि खेळणं, खाणं, शाळा नीट असेल, तर घाबरू नका; तेराव्या वर्षाआधी स्किझोफ्रेनिया फार दुर्मिळ आहे. स्वमग्न मूल आवाजांच्या प्रश्नाला सरळ "हो" म्हणू शकतं, कारण पंख्याचा आवाज त्याला येतच असतो. गोळ्यांनी वजन आणि साखर वाढू शकते, सुरुवातीलाच मोजून ठेवा. धीर धरा, नातेवाइकांचं ऐकू नका वगैरे तर आहेच.

जवळ कुणी मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलि-मानसला 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात. फोनवर निदान होत नाही, पण कुठे जायचं ते सांगतात.