मुलांसोबत पुन्हा ‘श्यामची आई’

आईबाबांनो, मुलांना आपल्या आवडीचा जुना सिनेमा दाखवायला बसलो की आपण हळवे होतो. आपण हसलो तिथे त्यांनी हसावं, आपण रडलो तिथे त्यांचेही डोळे भरावेत, असं मनात असतं. मग मध्येच मूल म्हणतं, ‘हे बरोबर नाहीये,’ आणि आपल्याला लागतं. ‘तेव्हा असंच असायचं, गप्प बघ,’ असं म्हणून आपण विषय मिटवतो. माझी कळकळीची विनंती आहे, तो विषय मिटवू नका. सिनेमा थांबवा आणि पोर काय म्हणतंय ते ऐका.

‘श्यामची आई’च घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, त्यावर आचार्य अत्र्यांनी केलेला १९५३ चा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. एवढा मानाचा सिनेमा, आणि त्यात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारत मारत विहिरीवर नेते. आजचं आठ-दहा वर्षांचं मूल विचारणारच, ‘आई मारते, तरी ती चांगली कशी?’

हा उद्धटपणा नाही. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. त्या वातावरणात वाढलेल्या मुलाला तो मार खटकतो, ही चांगलीच गोष्ट आहे. उत्तर देताना माराची वकिली करू नये, असं मला मनापासून वाटतं. मारणं चूकच होतं, एवढं सरळ सांगावं. मग तोच प्रसंग त्याला जवळ घेऊन पुन्हा बघावा. लहानपणी आपलं सगळं लक्ष माधव वझेंच्या श्यामकडे असायचं. आता वनमालाबाईंच्या चेहऱ्याकडे बघा. डोक्यावर कर्ज, घरात ओढाताण, खचत चाललेली तब्येत, आणि तरीही आपलं पोर भित्रं राहता कामा नये हा ध्यास. आपल्याला लहानपणी ती देवीसारखी वाटायची. आज स्वतः आईबाप झाल्यावर दिसते ती दमलेली बाई. आपण कधी आवाज चढवतो तेव्हा आपल्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे मुलाला सांगायची इतकी चांगली संधी सहसा मिळत नाही. ती घ्या.

जुनं म्हणजे मागासलेलं, अशी मुलांची समजूतही होऊ देऊ नका. प्रभातच्या ‘कुंकू’मधली शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न मानायलाच तयार नसते. हा चित्रपट शांतारामबापूंनी १९३७ साली केला. त्यानंतर चोपन्न वर्षांनी आलेल्या ‘माहेरची साडी’त सुनेच्या सोसण्यावर घराघरातल्या बायका रडल्या. दोन्ही सिनेमे मोठ्या मुलीसोबत बघा, आणि आधी तिला बोलू द्या.

‘अशी ही बनवाबनवी’ मात्र आधी पोटभर हसत बघू द्या. एकट्या पोरांना खोली भाड्याने मिळत नाही, हा त्यातला पेच पुण्यात शिकायला गेलेल्या मुलांना आजही कळतो. पुरुषाने साडी नेसली की हसू का येतं, असा प्रश्न त्यांच्याकडून आलाच तर बोला. मुद्दाम उकरून काढू नका.

कॉलेजात जाणारी मुलं असतील, तर जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) जरूर दाखवा. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी ठेवून, दूरच्या गावी महिला सुधारगृहाचं काम बघायला जाते. आपल्यापैकी अनेकींनी तरुणपणी तिची बाजू घेऊन वाद घातले. आता त्या घरात राहिलेल्या मुलीकडेही लक्ष जातं आणि घास अडकतो. जाऊ द्या लक्ष, त्याने सुलभा चुकीची ठरत नाही. मुलांना फक्त एवढंच विचारा, नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या किती बाबांना कुणी ‘मुलीला सोडून कसे गेलात?’ असं विचारलेलं तुम्ही ऐकलंय? आणि हा सिनेमा बाबांनी मोबाईल बाजूला ठेवून, सुरुवातीपासून सोबत बसून बघावा.