शंकरराव चव्हाण : कारभार आणि पाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक संस्थानाचा गव्हर्नर लोक आपल्या मतांनी निवडतात व कारभाराची सूत्रे त्याच्या हाती असतात. आपल्या देशात राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. प्रत्यक्ष कारभार मुख्यमंत्री पाहतो. म्हणून तिकडील गव्हर्नराशी तुलना करावयाची तर ती मुख्यमंत्र्याची करावी. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या मुख्यमंत्र्यांपैकी एक आमच्या नांदेडचे होते. त्यांचे चरित्र आज पाहू.

शंकरराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदातीरी पैठण येथे झाला. वकिलीचे शिक्षण घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिलढ्यात सामील झाले. पुढे ते नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष, १९५६ साली मुंबई राज्याचे उपमंत्री, व १९६० नंतर महाराष्ट्राचे पाटबंधारे मंत्री झाले.

ह्याच खात्यात त्यांचे मुख्य कार्य घडले. गोदावरीवरील धरण मूळ बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा पैठणास ठरली, नाव मात्र जुनेच राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी कोनशिला बसविली, व १९७६ साली, शंकरराव मुख्यमंत्री असता, इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. कालव्याचे पाणी परभणीकडील कोरडवाहू शिवारांत पोहोचले. परंतु ज्यांची घरे व शेते जलाशयाखाली गेली, त्यांनी त्याचे मोल दिले. त्यांस विसरून धरणाची थोरवी सांगणे न्यायाचे नव्हे.

ते दोनदा मुख्यमंत्री झाले : १९७५ ते १९७७ व १९८६ ते १९८८. पहिल्या कारकीर्दीचा बहुतेक काळ आणीबाणीचा होता. त्यांच्या कडक शिस्तीमुळे लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. दुसऱ्या खेपेस त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी खर्च झाला म्हणून यंदाही व्हावा असे नाही. प्रत्येक खर्चाची गरज नव्याने दाखविली पाहिजे, हे त्याचे तत्त्व. घरच्या वा ग्रामपंचायतीच्या हिशेबासही ते लागू पडते. पुढे शंकरराव देशाचे अर्थमंत्री व गृहमंत्री झाले. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

तरी एका धरणाने सर्वांची तहान भागत नाही. २०१६ साली लातूरकरांस पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. कारभाऱ्याने धरण बांधावे, हे खरे. पण पाणी जपून वापरणे व दुर्बळाचा वाटा राखणे हे गावाचे काम आहे.

प्रश्न : १. गव्हर्नर व राज्यपाल यांत भेद कोणता? २. आपल्या गावात पाण्याचा वाटा शेवटी कोणास मिळतो, व का?