आजाऱ्याच्या उशाशी कळलेला वधस्तंभ

गुड फ्रायडेला आमच्या मंडळीत दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. तो आपल्या पापांसाठी मेला, हे तिथे लहानपणापासून ऐकत आले. आपल्या दुखण्याखुपण्यातही तो किती आत उतरला, हे मात्र मंडळीतल्या आजाऱ्यांच्या भेटीला जाता जाता उमगत गेले.

1. पापाचा हिशेब मांडू नये.
"आमचं असं काय पाप झालं होतं?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही येशूला तेच विचारले होते (योहान 9). येशूने त्या माणसावर ठपका ठेवला नाही, आईबापांवरही नाही. त्याला दृष्टी दिली. मीही कारणे सांगत नाही. औषधे आणायची आहेत का, ते विचारते.

2. सोबत मागायला संकोचू नये.
गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. हा दुःखाचा प्याला टळावा, अशी विनवणीही पित्याला केली. तारणाऱ्यालाही माणसे जवळ हवीशी वाटली. "कशाला कोणाला त्रास" म्हणत एकटीने रात्र काढणाऱ्या आजींना मी हे आवर्जून सांगते.

3. टाहोसुद्धा प्रार्थनाच असते.
देवाने आपल्याला का सोडले, असे येशूने वधस्तंभावरून विचारले. ते शब्द 22व्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. म्हणून रडणाऱ्याला "विश्वास कमी पडतोय" असे कोणी म्हटले, की मला ते सहन होत नाही.

4. त्याच्या दुःखाचा धाक दाखवून कोणाला गप्प बसवू नये.
नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "ज्याचा त्याचा वधस्तंभ असतो" असे समजावणारे भेटतात. मी तिथेच विरोध करते. आपला प्राण आपण आपणहून देतो, असे येशूने सांगितले होते (योहान 10). त्या बाईवरचा मार लादलेला आहे. रोमी सत्ता ज्या शिक्षेने गुलामांना आणि बंडखोरांना चिरडत होती, तीच सोसलेला प्रभू मारणाऱ्याच्या बाजूने कसा उभा राहील? तो पिचलेल्यांच्या बाजूचा आहे, हे पंडिता रमाबाईंनी कृतीतून दाखवले. त्यांनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणून त्यांना आसरा दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अन्न मिळाले, शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले. ख्रिस्ताच्या दुःखाचा अर्थ कोणी विचारला, तर मी केडगावकडे बोट दाखवते.

5. थोडे अंतर ओझे उचलले, तरी ते मोलाचे असते.
कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वेठीस धरून वधस्तंभ वाहायला लावला. अंथरुणाला खिळलेल्यांचे करणाऱ्या किती सुना-मुलीही अशाच, कोणी न विचारता त्या कामाला जुंपलेल्या असतात. मार्काने शिमोनाचे नाव लिहून ठेवले, त्याच्या मुलांचीही नावे लिहिली. आजाऱ्याची चौकशी करताना आपणही त्याचे करणाऱ्या बाईला नावाने हाक मारावी आणि एक दुपार तिला विसावा द्यावा.

6. व्रण पुसायची घाई करू नये.
पुनरुत्थित येशूने थोमाला हातांवरच्या खुणा दाखवल्या. मरणावर विजय मिळवलेल्या देहावरही त्या होत्या. मूल गमावलेल्या आईला "आता विसरा" म्हणू नये; त्या मुलाविषयी तिला बोलू द्यावे. देवाने उठवला तो जखमा झालेला येशूच. म्हणूनच त्याच्याकडे जाण्याआधी कोणालाही आपल्या जखमा झाकाव्या लागत नाहीत.