आधी धरून चाल, मग पारखून घे

एनएलपीच्या, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगच्या शिबिरातून वही भरून आणलीस, आणि आता त्या वहीनेच तुझी झोप उडवली आहे ना गं? 'नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे', 'अपयश नसतंच, असतो तो प्रतिसाद', 'लागेल ते सगळं बळ माणसाच्या आतच असतं'. तिथे ऐकताना प्रत्येक वाक्य पटलं. घरी आलीस तर सासूबाईंचा सूर तोच, पोराचा अभ्यास तसाच पडलेला आणि ऑफिसची कामं डोक्यावर. मग तुला वाटायला लागलं, की बाकी सगळ्यांना कळलं आणि मलाच जमत नाही. तसं काही नाहीये बघ. ही वाक्यं कुणी सिद्ध केलेले नियम नाहीत. काही काळ ती खरी धरून वागायचं आणि काय फरक पडतो ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची मागणी आहे. ती पाठ करायची नाहीत. त्यांच्यावरून स्वतःला मार्क तर अजिबात द्यायचे नाहीत.

आधी ती आली कुठून ते ऐक, म्हणजे निम्मं दडपण उतरेल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या शाखेत रिचर्ड बँडलर नावाचा विद्यार्थी होता आणि जॉन ग्राइंडर भाषाशास्त्र शिकवायचे. काही मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसलेला माणूस बघता बघता मोकळा होतो, तर ते नेमकं बोलतात कसं, विचारतात काय, हे या दोघांनी बारकाईने टिपायला घेतलं. फ्रिट्झ पर्ल्स, कुटुंबांवर उपचार करणाऱ्या व्हर्जिनिया सटायर आणि संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन हे त्यातले मुख्य. १९७५ साली बँडलर आणि ग्राइंडर यांचं पहिलं पुस्तक निघालं. त्या तज्ज्ञांच्या वागण्याच्या मुळाशी जे विश्वास दिसले, तेच पुढे गृहीतकं म्हणून सांगितले गेले. त्यातही बाहेरून घेतलेलं बरंच आहे. नकाशाचं वाक्य आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांचं, १९३१ च्या एका व्याख्यानातलं. म्हणजे एनएलपी जन्माला यायच्या चाळीस वर्षं आधीचं. गृहीतकांची ठरलेली एकच यादीही नाही, प्रत्येक शिकवणारा थोडी वेगळी देतो. तेव्हा तुझ्या वहीत दहा आहेत आणि मैत्रिणीच्या वहीत चौदा, म्हणून आपलं काही राहिलं की काय या काळजीत पडू नकोस.

आता नकाशाचंच बघ. मोबाइलवर आपलं लोधिवली काढ. जुना मुंबई-पुणे हायवे दिसेल, आणि जवळूनच जाणारा द्रुतगती मार्ग दिसेल. मुंबईत बसलेल्या पाहुण्याला वाटतं, चला, स्कूटर काढली की द्रुतगतीने भुर्रकन पोचू. आपल्याला माहीत आहे, त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि चारचाकी असली तरी वाटेल तिथून वर चढता येत नाही. पाहुणा खोटं बोलत नाही, त्याच्या हातातला नकाशाही खोटा नाही. त्यात सगळं मावलेलं नाही, एवढंच. माणसांच्या डोक्यातही असेच नकाशे असतात, तुझ्या, माझ्या आणि सासूबाईंच्याही.

तू रसायनीच्या ऑफिसमधून सुटतेस, शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबतेस, आणि दारात पाऊल टाकताच ऐकतेस, "आजपण उशीर?" तुझ्या नकाशात तो टोमणा आहे. दिवसभर राबून आलेल्या बाईला कुणी घड्याळ दाखवलं तर दुसरं काय वाटणार? पण त्यांच्या जागी जरा उभी राहा. त्या ज्या रस्त्याकडे बघत बसलेल्या असतात, तिथे अंधार पडल्यावर ट्रक कसे जातात ते तुलाही माहीत आहे. त्यांच्या नकाशात पोर अजून घरी आली नाही एवढंच असेल. असेल म्हणते हं. मी त्यांच्या मनात शिरलेले नाही आणि तूही शिरलेली नाहीस. म्हणून एकदा सरळ विचार, "आई, काळजी वाटत होती का?" आणि पुढचं काही न बोलता त्या काय म्हणतात ते ऐक. त्या "हो गं, जीव टांगणीला लागतो" म्हणाल्या, तर निघताना एक फोन करायचा आणि विषय संपला. "काळजी कसली, कुकर कोण लावणार?" म्हणाल्या, तर तेही बरंच झालं. निदान भांडण कुकरचं आहे हे कळलं, आणि कुकरचा प्रश्न सुटण्यासारखा असतो.

यालाच जोडून ते दुसरं वाक्य येतं: प्रत्येक वागण्यामागे काहीतरी चांगला हेतू असतो. खरं सांगू का, सगळ्यांत जास्त सांभाळून वापरायचं वाक्य हेच आहे. हेतू चांगला म्हणजे त्या माणसाला स्वतःसाठी काहीतरी हवं असतं, सुरक्षितपणा, मान, आराम, कुणाचं तरी लक्ष. पोरगा वही उघडताच पाणी प्यायला उठतो, तेव्हा आळशी म्हणून ओरडण्याआधी बघ, त्याला नेमकं काय टाळायचंय. भागाकार येत नाही म्हणून उठत असेल, तर ओरडून भागाकार येणार नाही. तू शेजारी बसून एक गणित सोडवलंस तर कदाचित येईल. इथवर हे वाक्य सोन्यासारखं आहे. पण कुणी हात उचलत असेल, पगार काढून घेत असेल, माहेरी फोन करू देत नसेल, तर तिथे चांगला हेतू शोधत बसायचं नाही. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याने बघावं. तुला किंवा तुझ्या ओळखीतल्या कुणालाही असं सोसावं लागत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, जीवावर बेतलं तर ११२, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा पाठीशी आहे. एखादा शिकवणारा तुला अशा वेळीही "त्याचा हेतू समजून घे" म्हणाला, तर त्याचं ऐकायचं नाही. हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये, बजावून सांगतेय.

तुझ्या बोलण्याचा अर्थ समोरून काय प्रतिसाद येतो त्यावरून ठरतो, हे वाक्य मात्र मला फार कामाचं वाटतं. आपण म्हणतो, "मी तर स्पष्ट सांगितलं होतं!" सांगितलं होतंस गं, पण पोचलं का? नवऱ्याला "तुला घरातलं काही दिसतच नाही" म्हटलंस, तर तो एकतर चिडतो नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालतो. तुला मदत हवी होती आणि हाती आलं भांडण. मग तेच वाक्य आणखी मोठ्या आवाजात कशाला बोलायचं? "सकाळी पाणी भरायचं आणि पोराचा डबा भरायचा, ही दोन कामं आजपासून तुझी" असं सांगून बघ. इथे चूक कुणाची हा प्रश्नच नाही. त्याला घरातलं दिसायला हवं होतं, हे शंभर टक्के मान्य. पण हवं होतं म्हणून ते दिसत नाही, आणि तुझ्या हातात आहे ते तुझं वाक्य. ते बदलून पाहा. नाहीच जमलं तर आणखी एकदा बदल. ज्याच्याकडे वागायच्या जास्त तऱ्हा, त्याचा परिस्थितीवर जास्त ताबा, हेही तुझ्या वहीत असेलच. ते रॉस ॲश्बी यांच्या यंत्रनियंत्रणाच्या शास्त्रातून घेतलेलं आहे. आपल्या स्वयंपाकघरातही ते लागू पडतं.

'अपयश नसतं' या वाक्यापाशी तू अडली आहेस ते कळतंय मला. तुझी धाकटी बहीण पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावते आणि वेळ काही कमी होत नाही. तिला "अपयश नसतंच" म्हणून सांगू नकोस, ती चिडेल आणि तिचं बरोबर असेल. भरतीतून नाव गळलं तर ते गळलंच, वर्ष गेलं तर गेलंच. आधी तिला रडू दे, तिच्यासोबत बस, चहा कर. दुसऱ्या दिवशी मात्र मैदानावर जाऊन घड्याळ लाव. पहिले ४०० मीटर किती वेळात, पुढचे ४०० किती वेळात, दोन्ही वेगळे लिहून काढ. पहिल्या फेरीत ती जीव खाऊन पळते आणि दुसऱ्या फेरीत पाय जड होतात, असं दिसलं तर सुरुवात जरा आवरून बघायची. दोन्ही फेऱ्या सारख्याच संथ असतील तर दम वाढवण्याची तयारी वेगळी. आता तो घड्याळातला आकडा तिला काहीतरी सांगायला लागला. त्या वाक्यात दम आहे तो एवढाच, आणि एवढा पुरे आहे.

आता जरा कडक बोलते, रागावू नकोस. एनएलपीची सगळी बाजू शास्त्राने मान्य केलेली आहे असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ते खरं नाही. माणूस डोळे कुठल्या दिशेला फिरवतो त्यावरून खोटं ओळखता येतं, हा दावा २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. काही आधार सापडला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आरोग्यावरच्या परिणामांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यातही फारसा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे पोराचे डोळे उजवीकडे गेले म्हणून त्याला खोटारडा ठरवू नकोस. आणि पुढच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी दागिना गहाण ठेवायचा विचार मनात आला असेल, तर तो आत्ताच्या आत्ता काढून टाक. प्रमाणपत्र मिळालं म्हणून कुणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. कुणाकडे उपचारासाठी जायचं असेल तर शिक्षण आणि नोंदणी विचारायची, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. विचारायला लाजायचं काही कारण नाही. भाजीवाल्याला मेथी कधीची आहे ते विचारतेसच की.

'सगळं बळ आतच असतं' या वाक्याबद्दल तर मला मनापासून बोलायचं आहे. आपल्या चौक गावाच्या वरची इर्शाळवाडी आठव. १९ जुलै २०२३ ची रात्र, पावसाने डोंगर खाली आला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचत नव्हती, माणसं चिखलातून चालत वर गेली आणि हातांनी माती उपसली. जे वाचले त्यांच्या आत बळ होतंच, त्याशिवाय ते उभे कसे राहिले असते? पण त्यांना घर हवं होतं, जमीन हवी होती, डॉक्टर हवे होते, पोरांसाठी शाळा हवी होती. या गोष्टी कुणाच्या आत नसतात, त्या बाहेरून द्याव्या लागतात. म्हणून हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडावर कधीच फेकायचं नाही. स्वतःच्याही नाही. तू दमली आहेस कारण तुझ्यावर कामाचं ओझं जास्त आहे. आतलं बळ शोधायच्या आधी त्यातलं थोडं ओझं कुणाच्या तरी हातात दे. उरलेल्यासाठी ते वाक्य वापर. तू आधी असल्याच कशातून तरी निभावली आहेस, तेव्हा काय केलं होतंस ते आठवून बघ. त्यासाठी ते उत्तम आहे.

मराठीतही या वाटेवर भक्कम काम झालं आहे, ते तुला कुणी सांगितलं नसेल. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांनी आपल्या लोकांपर्यंत आणली, एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून. घटना आपल्याला जेवढी छळते त्याहून जास्त तिच्याबद्दलचे आपले अट्टहास छळतात, हा त्यातला गाभा. 'सासूबाईंनी माझं कौतुक केलंच पाहिजे' यातला 'च' सोडून दिला की 'केलं तर मला फार आवडेल' उरतं, आणि तेवढ्यावर दिवस बरा जातो. तुझ्या नकाशाच्या वाक्याचाच हा सख्खा भाऊ आहे, फक्त याच्या मागे संशोधनाचा आधार जास्त आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तिथे मनाच्या आजारांवर उपचारही होतात आणि साध्या माणसांसाठी कार्यक्रमही. आणि रात्री-अपरात्री मन फारच भरून आलं, झोप लागेना, नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी वही उघडून बसायचं नाही, फोन लावायचा.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगते, आणि एवढंच करायचं. सगळी गृहीतकं एकदम घरात लावायची नाहीत. एक घे. मी म्हणेन नकाशाचं घे, सासूबाईंसाठी. रोज रात्री वहीत दोन ओळी: त्या काय म्हणाल्या, आणि मी त्याचा अर्थ काय लावला. दोन्ही वेगळ्या ओळींत लिही, एकत्र करू नकोस. "भाजीत मीठ कमी आहे" ही एक ओळ. "मला काहीच येत नाही असं त्यांना वाटतं" ही दुसरी. पहिली ओळ त्यांची, दुसरी तुझी. कधी दुसरी ओळ खरीही निघेल, तेव्हा ती लपवायची नाही, तशीच लिहायची. रविवारी वही घेऊन माझ्याकडे ये. पोरालाही आण, त्याचा भागाकार मी बघते, आणि तू तोवर जरा आडवी हो.