स्पॅनिश क्रियापदाचा विध्यर्थ

'पाऊस पडतो' ही वार्ता. 'पाऊस पडावा' ही इच्छा. कासुर्डीच्या शेतकऱ्यास या दोहोंतील अंतर व्याकरणावांचून कळतें. स्पॅनिश भाषा तें अंतर बहुधा एका स्वरानें दाखविते.

'आब्लार' म्हणजे बोलणें. 'आब्लास' म्हणजे तूं बोलतोस. 'आब्लेस' म्हणजे तूं बोलावेंस. आर-अन्ती धातूंत 'आ' जाऊन 'ए' येतो. 'कोमेर' (खाणें), 'बिबीर' (जगणें) अशा एर-अन्ती व इर-अन्ती धातूंत उलट 'आ' येतो: 'कोमेस', खातोस, 'कोमास', खावेंस. गोव्यांत १९६१ पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेल्या पोर्तुगीजींतहि हीच अदलाबदल आहे.

नियमित धातूचें 'मी बोलतों' या अर्थाचें रूप 'आब्लो' घ्यावें, शेवटचा 'ओ' टाकावा व पुरुषवचनाप्रमाणें प्रत्यय लावावे: आब्ले, आब्लेस, आब्ले, अनेकवचनीं आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. एकवचनाचीं रूपें मराठीशीं ताडून पाहावीं. मीं बोलावें, तूं बोलावेंस, त्यानें बोलावें: येथेंहि प्रथम व तृतीय पुरुषाचें क्रियापद एकच, आणि द्वितीय पुरुषास 'स'! हें साम्य ज्यानें हेरलें त्याचें निम्में पाठांतर वांचलें. मराठींत कर्त्याची विभक्ति मात्र बदलते. स्पॅनिशमध्यें ती बदलत नाहीं, आणि कर्ता पुष्कळदां अध्याहृतच असतो, म्हणून 'मी' कीं 'तो' हें संदर्भावरून ओळखावें लागतें.

'किएरो के आब्लेस', तूं बोलावेंस अशी माझी इच्छा आहे, येथवर दोन्ही भाषा बरोबर चालतात. परंतु 'तो बोलतो असें मला वाटत नाहीं' या वाक्यांत आपण साधा वर्तमानकाळ योजतों. स्पॅनिश मनुष्य तेथें 'नो क्रेओ के आब्ले' असेंच म्हणतो. ज्या गोष्टीची वक्ता ग्वाही देत नाहीं, तिलाहि तेथें विध्यर्थ लागतो, आणि मराठी विद्यार्थी अडखळतो तो याच ठिकाणीं.