कऱ्हांडल्याचे पर्यटक आमच्या दारी कसे येतील?

प्रश्न : उमरेडला आमचं छोटं सावजी भोजनालय आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येणारे पर्यटक मोबाइलवर जेवणाची सोय शोधतात, पण आमचं नाव दिसतच नाही. काय करावं?

उत्तर : गुगल बिझनेस प्रोफाइल उघडा, ते मोफत आहे, आणि पडताळणी पूर्ण करा. शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी यांवर तिथला क्रम ठरतो. अंतर तुमच्या हाती नाही, म्हणून जुळणीवर जोर द्या. नकाशावरची खूण नेमकी दारावर ठेवा, वेळ खरी लिहा, थाळीचे स्वतः काढलेले फोटो टाका. पाटीवर नसलेले शब्द नावात कोंबू नका. प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. जेवलेल्यांकडे अभिप्राय जरूर मागा, बदल्यात सवलत मात्र नको. पहिल्या क्रमांकाची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांना रुपयाही देऊ नका. तो क्रमांक गुगल विकत नाही.